थकबाकी सरकारची, दंड ठेकेदाराला

अण्णांचा फोन महिन्याच्या बारा-तेरा तारखेला येतो. "काय करायचं रे या महिन्यात?" एवढंच विचारतात. पंधरा तारखेला कामगारांचा पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, भरायचा असतो, वीस तारखेला जीएसटी. अण्णा सरकारी ठेकेदार आहेत. मी त्यांची टेंडरं भरतो आणि हिशेबाचे कागद सांभाळतो. गेल्या वर्षी त्यांनी एका खेड्यात चार शाळाखोल्या आणि कुंपणभिंत बांधली. जूनमध्ये खोल्यांत पोरं बसली, भिंतीवर पाढे रंगवून झाले, उद्घाटनाच्या फलकावर सगळ्यांची नावं आली. मोजमापं एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, चढली, उपअभियंत्यांनी तपासली, बिल लेखा शाखेत गेलं. तिथले भाऊसाहेब सभ्य आहेत, चहा पाजतात. "अण्णा, हेडला पैसे नाहीत. बीडीएसवर आले की पहिलं तुमचं." हेड म्हणजे कामाचं लेखाशीर्ष, बीडीएस म्हणजे निधी वाटपाची सरकारी संगणक प्रणाली. हे वाक्य मी स्वतः तीन वेळा ऐकलंय, तिन्ही वेळा चहासकट.

बिल चाळीस लाखांचं, त्यावर अठरा टक्के म्हणजे सात लाख वीस हजार जीएसटी. सरकारी बांधकामांवरचा हा दर १७ जुलै २०२२ पर्यंत बारा टक्के होता. कार्यालय बिलासोबत कर-बीजक मागतं, आणि बीजक निघालं की त्या महिन्याच्या विवरणपत्रात ते दाखवावं लागतं. सलग चालणाऱ्या कामात बीजक नेमकं कधी काढायचं यावर कायद्याचा कीस पाडता येतो, आम्ही सल्लागार पाडतोही. पण बीजक नाही तर फाईल हलत नाही, तेव्हा तो कीस आमच्याच फायलीत राहतो. सिमेंट-लोखंडावर भरलेल्या कराची वजावट घेऊनही दोन-अडीच लाख खिशातून भरायचे, तेही सरकारकडून एक रुपया हातात नसताना. उशीर झाला तर वर्षाला अठरा टक्के व्याज. म्हणजे सरकारनेच न दिलेल्या पैशांवरचा कर सरकारलाच वेळेत भरला नाही, म्हणून सरकारच व्याज लावणार. अण्णांना हे समजावताना मी दरवेळी थोडा खजील होतो.

इथवरची तक्रार जुनीच आहे, कुठल्याही ठेकेदाराकडे ती ऐकायला मिळेल. मला पुढचं जास्त खुपतं. पीएफ दोन महिने उशिरा भरला, तर पुढच्या टेंडरच्या तांत्रिक लिफाफ्यात तो दिसतो. तिथे पीएफची चलनं लागतात, जीएसटीचं शेवटचं विवरणपत्र लागतं, थकबाकी नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. एका कार्यालयाने बिल अडकवलं आणि त्यामुळे कागद मागे पडले, की दुसरं कार्यालय त्याच कागदांवर बोट ठेवून लिफाफा बाद करतं. सरकारच्या डाव्या हाताने घडवलेला नियमभंग उजव्या हाताला अपात्रतेसाठी पुरतो. कायदेपालनाबद्दल व्यापाऱ्यांना उपदेश करणाऱ्या कुणालाही ही साखळी दिसलेली नसते, कारण ती कुठल्याच एका फायलीत पूर्ण सापडत नाही.

साखळी अण्णांपाशी थांबतही नाही. त्यांनी लोखंडाच्या दुकानदाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत, तर त्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट व्याजासकट परत करावी लागते. सिमेंटचे ब्लॉक बनवणाऱ्या लघुउद्योजकाचं बिल ठरलेल्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही आणि वर्ष उलटलं, तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. आयकर कायद्यातलं हे कलम २०२३ च्या अर्थसंकल्पातून आलं, पुढच्या वर्षीच्या एप्रिलपासून लागू झालं आणि तेव्हा बाजारपेठांत बरीच बोंब झाली. माझ्या मते कलम चांगलं आहे. छोट्याचे पैसे मोठ्याने वापरू नयेत हे बरोबरच. फक्त ते सरकारी खात्याला टोचत नाही, कारण खातं ना आयकर भरतं, ना जीएसटीची वजावट घेतं. उशिराने पैसे देणाऱ्याला चिमटा काढायची दोन साधनं कायद्याने तयार केली, आणि दोन्हींच्या टप्प्यातून सगळ्यात मोठा उशीर करणारा आपोआप सुटला.

मग लघुउद्योजकांसाठीचा २००६ चा कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि कागदावर तो कडक आहे. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरायचं. पैसे ४५ दिवसांच्या आत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. या कायद्याखालच्या परिषदेचा निवाडा खरेदीदाराला मान्य नसेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरा, मग कोर्टात या. सरकारी खरेदीदाराला या कायद्यात कुठेही सूट नाही. २०१७ मध्ये तक्रार नोंदवायला 'समाधान' पोर्टलही सुरू झालं. इतकं सगळं असून ग्रामीण रुग्णालयाला खाटा पुरवणारा कारखानदार तिकडे फिरकत का नाही? तक्रार ऐकणाऱ्या परिषदेचा अध्यक्ष राज्याच्या उद्योग खात्याचा अधिकारी असतो, हे एक कारण. दुसरं आणि खरं कारण म्हणजे पुढची ऑर्डर. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? शिवाय अण्णांसारख्या बांधकामवाल्याला हा दरवाजाच नीट उघडत नाही. कार्यकंत्राटात माल आणि सेवा एकजीव झालेल्या असतात, सबब ते या कायद्यात बसत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत.

आता टेंडरच्या कागदाकडे येऊ. सार्वजनिक बांधकाम खात्याचा बी-१ नमुना राज्यातल्या प्रत्येक ठेकेदाराला तोंडपाठ असतो. त्याचं कलम दोन उशिराबद्दलचं आहे. काम ठरल्या गतीने झालं नाही तर दिवसाला अंदाजपत्रकाच्या एक टक्क्यापर्यंत भरपाई, एकूण दहा टक्क्यांच्या मर्यादेत. यात मला काही गैर वाटत नाही. पावसाआधी पूल झाला नाही तर गावाचे हाल होतात. त्याच कागदात पैसे देण्याच्या उशिराबद्दल काय आहे ते शोधा. बिल दरमहा द्यावं, तपासावं, असं मोघम काही असतं. अनेक निविदांत तर "निधीच्या उपलब्धतेनुसार देयक अदा करण्यात येईल, विलंबाबद्दल व्याज मागता येणार नाही" अशी सरळ ओळ असते. एका बाजूची मुदत दिवसांत आणि दंड टक्क्यांत, दुसऱ्या बाजूची मुदत "उपलब्धतेनुसार". भाड्याच्या घराचा करार असा कुणी लिहून आणला, तर आपण त्याला दारातूनच परत पाठवू.

सरकारने स्वतः छापलेल्या अटी सरकारलाही बांधतात का, हा प्रश्न या देशात सुटून जमाना झाला, आणि तो मुंबईतल्या एका उपाहारगृहावरून सुटला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर दुसऱ्या दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायला द्यायचे होते. १९७७ च्या निविदेत अट होती की अर्जदार दुसऱ्या दर्जाचा नोंदणीकृत हॉटेलचालक हवा, पाच वर्षांचा अनुभव असलेला. काम मिळालं ते या अटीत न बसणाऱ्याला. रमणा शेट्टी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७९ च्या निकालात न्या. भगवतींनी लिहिलं त्याचा सारांश असा: स्वतः घातलेला मापदंड प्राधिकरणाला मनाला येईल तसा मोडता येत नाही. आजही निविदेच्या प्रत्येक खटल्यात हा निकाल निघतो. वकील सहसा दुसरा भाग सांगत नाहीत. शेट्टींना दिलासा काहीच मिळाला नाही. ते उशिरा आले आणि ज्याला काम मिळालं त्याने तोवर बराच खर्च केला होता, म्हणून कंत्राट तसंच राहिलं. तेव्हा नियमभंग सिद्ध होऊनही सरकारची बाजू कशी निभावते, याचाही हाच निकाल दाखला आहे.

तोंडी कामाचं तर विचारूच नका. "साहेब म्हणाले, मंत्री येणार आहेत, तेवढा रस्ता करून टाका, मंजुरी मागनं घेऊ." किती ठेकेदारांनी असे रस्ते करून टाकलेत याची मोजदाद नाही. राज्यघटनेचं कलम २९९ सांगतं की सरकारचा करार लेखी हवा, राज्यपालांच्या किंवा राष्ट्रपतींच्या नावाने हवा, अधिकार असलेल्या माणसाची सही हवी. नसेल तर तो करारच नव्हे. १९४४ साली बंगालमध्ये हुगळी जिल्ह्यातल्या आरामबाग इथे मंडल नावाच्या फर्मने पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून गोदामं बांधली, कच्चा रस्ता केला, पाहुण्यांसाठी घर, कचेरी, स्वयंपाकघर बांधलं. सरकारने ते सगळं वापरलं आणि बिल आल्यावर करार वैध नसल्याचं कारण पुढे केलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागायला डिसेंबर १९६१ उजाडला: करार नसला तरी फुकटात देण्याचा हेतू नसताना केलेल्या आणि सरकारने उपभोगलेल्या कामाची भरपाई करार कायद्याच्या कलम ७० खाली द्यावी लागेल. न्याय झाला, सतरा वर्षांनी. मी आमच्या ठेकेदारांना ही गोष्ट धीर देण्यासाठी सांगत नाही. लेखी आदेशाशिवाय एक पाटी वाळूही टाकू नका, हे बिंबवण्यासाठी सांगतो. ते मान डोलावतात आणि पुढच्या मंत्र्याच्या दौऱ्याआधी पुन्हा टाकतात. सांगणारा साहेब आणि एमबीवर सही करणारा साहेब एकच असतो.

इथे टक्केवारीचा विषय टाळला तर लेख खोटा ठरेल. थांबलेलं बिल हीच लाचेची सुपीक जमीन आहे. पैसे सगळ्यांना पुरणार नाहीत हे माहीत असताना रांगेत आधी कोण, हे एका टेबलावर ठरत असेल, तर त्या टेबलाची किंमत वाढणारच. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला. तेव्हापासून लाच देणाराही घेणाऱ्याच्या बरोबरीने गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. सुटका अशी: जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर दिल्यापासून सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवा. आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठी आहे आणि सापळे लागतातही. याच कायद्यात व्यापारी संस्थेलाही जबाबदार धरलंय. आपल्या माणसांनी लाच देऊ नये म्हणून पुरेशी व्यवस्था केली होती हे दाखवता आलं तरच तिचा बचाव. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी स्वतंत्र विभाग असतात, प्रशिक्षणं होतात. अण्णांची संस्था म्हणजे अण्णा, एक सुपरवायझर आणि हिशेबाला मी. आमची "पुरेशी व्यवस्था" काय असणार? अण्णा टेबलाखाली देत नाहीत एवढं मी सांगू शकतो, आणि त्यांचं बिल अजून तिथेच आहे हेही सांगू शकतो. या दोन गोष्टींचा संबंध वाचकाने लावायचा तो लावावा.

ठेकेदार मंडळी धुतल्या तांदळासारखी नाहीत, हे मला इतर कुणापेक्षा जास्त माहीत आहे. दुसऱ्याचं लायसन भाड्याने घेऊन काम करणारे आहेत. अनुभवाचा दाखला रंगवून आणणारे आहेत. एका लॅपटॉपवर बसून तिघांच्या डिजिटल सह्यांची डोंगल लावत तीन टेंडरं भरणारे आहेत. त्याला आमच्याकडे 'सपोर्ट टाकणं' म्हणतात. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत असंच संगनमत झालं म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये काही फर्मना दंड केला. व्हायलाच हवा होता. गौण खनिजाची रॉयल्टी चुकवून मुरूम उचलणारे, कामगारांचा पीएफ कापून खात्यात न भरणारे, यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण सध्याच्या व्यवस्थेत तगतो कोण, ते बघा. ज्याच्याकडे वर्षभर बिल अडकलं तरी चालेल एवढा पैसा आहे तो, किंवा ज्याने नियम कुठे मोडायचा याचं गणित आधीच दरात बसवलंय तो. वेळेवर पीएफ भरणारा, खरी रॉयल्टीची चलनं जोडणारा मधला माणूस सगळ्यात आधी मोडतो.

त्याच्याही खाली आणखी एक माणूस असतो, कागदावर नसलेला. मुख्य ठेकेदार काम घेतो आणि तुकडे पाडून गावोगावच्या पोरांना देतो. खात्याच्या दप्तरी त्यांचं नाव नसतं. २०२५ मध्ये जलजीवन मिशनच्या कामांची बिलं राज्यभर तुंबली, ठेकेदार संघटना सगळ्या खात्यांची मिळून थकबाकी ८९ हजार कोटींच्या घरात सांगत होत्या. त्याच वर्षी या योजनेचं काम केलेल्या एका तरुणाने आत्महत्या केली. सरकारी बाजूचं उत्तर आलं, तो आमचा ठेकेदार नव्हता, उपठेकेदार होता. नियमाने उत्तर बरोबर असेलही. त्याने खोदलेल्या चरातून गेलेली पाइपलाइन मात्र सरकारचीच होती.

यावर अधिकारी मित्र दोन मुद्दे मांडतात. पहिला, जनतेचा पैसा आहे, तपासणीला वेळ लागणारच. मान्य. मग त्या वेळेचा आकडा लिहा, साठ दिवस लिहा, नव्वद लिहा. दुसरा, व्याज द्यायचं तर तेही करदात्याच्याच खिशातून जाणार. हा मुद्दा ऐकायला चांगला आहे, पण करदाता ते आजही देतोच. ज्या खात्याची बिलं वर्षवर्ष अडकतात, तिथे शहाणा ठेकेदार एक तर भरतच नाही, किंवा वाट बघण्याचा खर्च दरात चढवतो. आणि ज्याला काम हवंच आहे तो वीस-पंचवीस टक्के कमी दराने भरून सिमेंटमधून वसूल करतो. त्या खोलीचा स्लॅब पाच वर्षांत गळतो आणि दुरुस्तीचं टेंडर निघतं. ते व्याज नव्हे तर काय?

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. पैसा नसताना कार्यारंभ आदेश देऊ नये. मार्चअखेरीला आणि आचारसंहितेच्या तोंडावर जे आदेश ढिगाने निघतात, त्यांतल्या किती कामांना खरोखर निधी आहे हे लेखाधिकाऱ्याच्या सहीने वर्क ऑर्डरवर छापावं. बिल दाखल झालं की आवक क्रमांक द्यावा आणि ती रांग संकेतस्थळावर उघडी ठेवावी. रेल्वेची प्रतीक्षा यादी सगळ्यांना बघता येते, बिलांची का नाही? एखादं बिल रांग सोडून आधी काढायचं असेल, रुग्णालयाचं असेल, पुराच्या कामाचं असेल, तर कारण लिहून काढावं. रांग उघडी झाली की टेबलाची किंमत उतरते, त्याला वेगळा कायदा लागत नाही.

जीएसटीच्या व्याजाचं एका ओळीच्या दुरुस्तीने भागेल: सरकारकडून येणं असलेल्या रकमेवरचा कर, ती रक्कम मिळेपर्यंत उशीर धरू नये. पीएफला मात्र अशी सवलत मी मागणार नाही. ते कामगाराचे पैसे आहेत, सरकार आणि अण्णा यांच्या भांडणाशी त्याचा संबंध नाही. उलट तिथे खात्याचीच जबाबदारी वाढवावी. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे तत्त्व कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यापासून आहे. मग बिल थांबलेलं असेल तेव्हा निदान पीएफपुरती रक्कम खात्याने बिलातून वेगळी काढून थेट भरावी आणि बाकीचं बिल खुशाल रांगेत ठेवावं. बिल देताना आयकर, जीएसटी आणि बांधकाम कामगारांचा एक टक्का उपकर कापून घेणाऱ्या लेखा शाखेला हे एक चलन जड जाऊ नये.

महाटेंडर्स या राज्याच्या निविदा संकेतस्थळावर कुठलीही निविदा सूचना उघडा. पहिल्याच पानावर तक्ता असतो: कामाचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत, निविदा फॉर्मची किंमत, काम पूर्ण करण्याची मुदत पावसाळ्यासह की पावसाळा वगळून. पावसाळ्याचाही विचार केलेला असतो. या तक्त्यात आणखी एक रकाना आखावा आणि त्यात आकडा भरल्याशिवाय निविदा अपलोडच होऊ नये, अशी सोय संगणकात करावी. रकान्याचं नाव: देयक अदा करण्याची मुदत, दिवसांत.